कोयत्याच्या शेडमधली बाणाची टोकं

ज्या शेडमध्ये दिवसभर ग्राइंडर चालतो, तिथली माणसं घरीसुद्धा ओरडूनच बोलतात. आणि साधी गोष्ट ओरडून सांगितली की तिचा किस्सा व्हायला वेळ लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबलं की आमच्याकडे जुना किस्सा नव्यानं सांगायची पद्धत आहे. दरवेळी त्यात कुणीतरी चिमूटभर भर घालतो, आणि ज्याच्यावर किस्सा आहे तोच सगळ्यात जास्त घालतो. असे पुष्कळ साठलेत. पण एका पावसाळ्यात जेवढे साठले तेवढे आधी कधी नाही. तेव्हा आम्ही बीड जिल्ह्यातल्या कडा गावात बसून अमेरिकेतल्या हरणांची तयारी करत होतो.

शेड रफिकभाईंची. वडिलांपासून ऊसतोडीचे कोयते बनवण्याचा धंदा. पात्यांना धार लावायला भानुदासमामा. ते आमच्यापैकी कुणाचेच मामा नाहीत, तरी रफिकभाईसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. आणि मी मिलिंद. आयटीआय करून लेथवर बसलेला, शिवाय इंग्रजी मेल वाचता येतो म्हणून शेडचं ऑफिसही मीच.

उसाच्या फडात हार्वेस्टर फिरायला लागले तसं कोयत्याचं गिऱ्हाईक आटत गेलं. रफिकभाईंनी पॉवर हॅमर विकायला काढला होता. बीडला त्यांच्या मेव्हण्याचं फळांचं दुकान आहे, तिथं जाऊन बसायचं ठरत होतं. मी पुण्यात कुठंतरी चिकटलो असतो. मामांचं मात्र काहीच ठरत नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांनी धार लावण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. शेड बंद झाली तर मामांचं काय, या विचारानं मला खरंच वाईट वाटायचं.

अशात पुण्याहून एक पार्सल आलं.

*

पार्सलमध्ये स्पंजात खोचलेली तीन छोटी, चकचकीत टोकं होती. रफिकभाईंनी एक उचलून उन्हात धरलं आणि मिक्सरचं पातं आहे असं जाहीर केलं.

मी मेल वाचून दाखवला. माल परदेशी पाठवणाऱ्या एका मॅडमचा होता. अमेरिकेत लोक परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, धनुष्यबाणानं हरणाची शिकार करतात. बाणाच्या पुढं असं टोक स्क्रूनं बसवतात, त्याला ब्रॉडहेड म्हणतात. तीन प्रकार पाठवले आहेत. तुम्हाला जमेल तो एक निवडा आणि त्याचे नमुने करून द्या. तिकडच्या साहेबांनी पास केले तर वर्षभर पुरेल एवढं काम आहे.

रफिकभाईंनी टोक परत स्पंजात खोचलं. म्हणाले, "माझ्या चुलत्याच्या तुरीत हरणांचा कळप बसतो. हाकलायला नुसता खडा उचलायचा तरी मानूस आधी मागं बघतो, फॉरेस्टवाला तर न्हाई ना. आन् हे लोक टोक पसंत करून मारत्यात?"

मामांनी विचारलं, तिकडं बंदुका नाहीत का. मी म्हटलं, भरपूर आहेत.

"मग बाण कावून?"

 मी मॅडमना फोन लावून तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "हे बघा, मी शाकाहारी आहे. मला फक्त माप विचारा."

*

रफिकभाईंना पहिल्या नजरेत आवडलं ते मिटणारं टोक. याची पाती उडताना मिटलेली असतात आणि लागल्यावर फटकन उघडतात. "करायचं तर हेच. बाकीची दोन गरिबाची हायती," असं म्हणून त्यांनी ते पँटच्या मागच्या खिशात टाकलं आणि चौकातल्या हॉटेलात चार लोकांना दाखवायला गेले.

अर्ध्या तासानं परत आले ते मोटरसायकल हातानं ढकलत. सीटवर बसायला तयार नव्हते. खुर्ची दिली, तिच्यावरही बसले नाहीत. मामांनी काळजीनं चौकशी केली, काय झालं.

"मिलिंद, त्या मॅडमला कळव," रफिकभाई भिंतीला टेकून म्हणाले. "उघडतंय बराबर. पन आपल्याला न्हाई करायचं."

*

दुसरं तीन पात्यांचं. तिन्ही पाती वजनाला सारखी हवीत, नाहीतर बाण हवेत डुलतो. आमचा काटा भंगार तोलायचा. त्यावर माशी बसली काय आणि टोक ठेवलं काय, सारखंच. मग रफिकभाई रोज संध्याकाळी कागदाच्या पुड्या खिशात घालून ओळखीच्या सराफाकडे वजन करायला जायला लागले.

सराफाच्या दुकानात रफिकभाई, तेही रोज, आणि काउंटरवर पुड्या सोडून बारीक आवाजात बोलतायत. कड्यात एवढं पुरतं. आठवड्याच्या आत भाभींना बाजारात तीन बायकांनी मुबारकबाद दिली. नवरा मुलगा कुठला, हेही एकीनं सांगून टाकलं. रफिकभाईंची मुलगी तेव्हा बीडला बारावीच्या क्लासला होती. तिनं घरी फोन करून रडून गोंधळ घातला, मला न विचारता कसं ठरवलं म्हणून.

भाभी तडक शेडवर आल्या. रफिकभाईंनी घाबरून सगळ्या पुड्या उघडून दाखवल्या. भाभींनी ती टोकं बघितली, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इससे तो शादीच अच्छी थी."

एवढं करूनही तिन्ही पाती सारखी येईनात. तोही प्रकार बाद झाला.

*

राहिलं दोन पात्यांचं. अखंड पोलादाचं, ठसठशीत, प्रत्येक पात्याला एकाच बाजूनं धार. मामांनी ते हातात घेतलं आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. एका बाजूनं धार म्हणजे आमच्या कोयत्याचीच रीत. निवड झाली.

आता अडचण माझ्या घरी होती. आमचं घर बुद्धविहाराला लागून. आई रोज सकाळी पंचशील म्हणते, आणि त्यातलं पहिलंच शील प्राण्याची हिंसा करणार नाही असं आहे. तिला मी सांगितलं होतं की शेतीअवजाराचं काम आहे. पण रफिकभाई ओरडून बोलतात, हे सुरुवातीला सांगितलंच.

आईनं जेवायला वाढलं आणि समोर बसली. मी म्हटलं, आई, ती हरणं अमेरिकेतली आहेत.

"मंग त्यास्नी लागत न्हाई का?"

 मी मामांचं सांगितलं, शेडचं सांगितलं.  उठताना आई म्हणाली, "करायचंच आसंल तर धार तरी नीट लावा. अर्धवट लागून तडफडाया नको."

हे मी मामांना सांगितलं. त्यानंतर मामा एकेका टोकावर एवढा वेळ घालवायला लागले, की रफिकभाई येताजाता घड्याळाकडे बघून खोकायचे.

*

धार तपासायची कशी, तर मॅडमनी कळवलं, हातावरचे केस निघाले पाहिजेत. दोन दिवसांत शेडमधल्या सगळ्यांचे हात गुळगुळीत झाले. मग म्हटलं, एकदा मारूनही बघू. बीडला एका शाळेत धनुर्विद्या शिकवणारे सर माझे मित्र. ते धनुष्य घेऊन आले. पोत्यात उसाचं पाचट भरून मी हरीण केलं. शिंगं बाभळीच्या फांद्यांची, डोळे ऑइल पेंटचे.

सरांनी शेडमागच्या पडीक रानात दोन बाण मारले असतील, तेवढ्यात फॉरेस्टचे गार्ड मोटरसायकलवर हजर. कड्यात धनुष्यबाणानं हरीण मारतायत, असा फोन गेला होता.

गार्डसाहेब पोत्याभोवती फिरले. शिंग हलवून पाहिलं. डोळ्यात बोट घातलं, ते रंगानं भरलं. आम्ही चौघं रांगेत उभे. रफिकभाईंनी मेल दाखवला, पार्सल दाखवलं, चहा मागवला. गार्डसाहेबांनी चहा घेतला आणि फोटो काढून वरच्या साहेबांना पाठवला. थोड्या वेळानं साहेबांचा फोन आला. "हो साहेब, हो साहेब," करून त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं वळले.

"केस होत न्हाई. साहेब म्हनत्यात, गाढव संरक्षित प्रानी न्हाई."

*

नमुने घासूनपुसून कुरिअरनं गेले. चारपाच दिवसांनी पार्सलमधलं मूळ टोक सहज टेबलावर दिसलं, म्हणून मी आमच्या एका उरलेल्या टोकाशेजारी ठेवलं. मग रफिकभाईंना आणि मामांना हाक मारली.

मूळ टोकाच्या धारेचा उतार एका बाजूला होता, आमचा बरोबर उलट बाजूला. सगळ्याच नमुन्यांचा. मामा डावखुरे. कोयता असो की खुरपं, त्यांच्या हाताखालून धार नेहमी डाव्या अंगानंच निघते. डावखुरे ऊसतोडे पार घाटनांदूरकडून त्यांच्याकडे कोयता करायला यायचे, कारण तशी धार बाजारात मिळत नाही. उजव्या गिऱ्हाइकांचे कोयते रफिकभाई स्वतः घासायचे. पण गिऱ्हाईक आटल्यापासून येत होते ते डावखुरेच, आणि मामांच्या हातची धार बघून आमच्या डोळ्यांना तीच सरळ वाटायला लागली होती. केस तपासले, वजन तपासलं, गाढव तपासलं, बाजू कुणीच बघितली नाही.

मामा खाली बसले. मॅडमना कळवलं तर त्या चिडल्या. माल अमेरिकेत पोचला होता. रफिकभाईंनी पॉवर हॅमरच्या गिऱ्हाइकाला रविवारी यायला सांगितलं. मामांना ते एक शब्द बोलले नाहीत. उलट त्या दिवशी जाताना स्वतःच्या मोटरसायकलवर घरी सोडून आले.

*

आणि मग निरोप आला, साहेबांना व्हिडिओ कॉलवर बोलायचंय. ज्यानं धार लावली तो माणूस समोर पाहिजे.

सकाळी लवकर आम्ही तिघं लॅपटॉपपुढं बसलो. मामा धुतलेला सदरा, टोपी घालून आलेले. रात्रभर झोपले नव्हते, ते दिसतच होतं. पडद्यावर एका चौकोनात मॅडम, दुसऱ्यात दाढीवाले साहेब. साहेबांच्या हातात आमचं टोक.

साहेब बोलायला लागले. मला निम्मं कळत होतं. जे कळलं ते असं, की बाणाची पिसं ज्या बाजूला वळलेली असतात, धारही त्याच बाजूची लागते, तरच बाण नीट फिरत आत जातो. त्यांच्याकडच्या पुष्कळ लोकांच्या बाणांची पिसं डावीकडं वळलेली आहेत. असं टोक ते कधीपासून शोधतायत. सगळे कारखाने उजवंच पाठवतात. तर या माणसाला हे सुचलं कसं, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

साहेबांनी टोक कॅमेऱ्यापुढं धरून धारेवर बोट फिरवलं, तेवढं मामांनी बघितलं. मॅडमनी तोंड उघडायच्या आत ते उठून उभे राहिले आणि हात जोडले.

"साहेब, चूक माझी हाय. मालकाची न्हाई, या पोराची बी न्हाई. मी डावा हाय. लहानपनी मास्तरनं लई मारलं, तरी हात वळला न्हाई. तुमी म्हनाल तर आता उजव्या हातानं शिकतो. पन ह्यांचं काम नका तोडू."

 रफिकभाई छताकडे बघत होते.

साहेबांनी मॅडमना विचारलं, काय म्हणतात ते.  मॅडम इंग्रजीत एकच वाक्य बोलल्या, की ते म्हणतात, आमच्याकडे पहिल्यापासून असंच करतात.

साहेबांनी खुर्चीतून उठून मामांसारखेच हात जोडले. म्हणाले, मग यात काही बदलू नका, सगळी ऑर्डर अशीच पाठवा.

मॅडमनी मराठीत सांगितलं, काम मिळालं. कॉल बंद झाला. रफिकभाई बाहेर जाऊन नळावर तोंड धूत राहिले. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मला जवळ बोलावलं.

"मिलिंदा, मानूस लई मोठ्या मनाचा हाय बघ," ते हळूच म्हणाले. "एवढी चूक केली, तरी वरून हात जोडले."