चष्म्यातला मिशावाला

त्या दिवशी घरापुढच्या सपरीत आम्ही चौघी होतो: मी, माही सून, शेजारची माही जाऊ अन् इंग्रजी शिकवाले गोंदियाहून आलेली मॅडम. ज्या घरच्या बाईले इंग्रजी बोलता येते, त्याच घरी नागझिऱ्याचं जंगल पाहाले येणारे पाहुणे पैसे देऊन जेवाले धाडू, असं तिच्या संस्थेनं ठरवलं होतं. सून पोटुशी, म्हणून शिकाले मीच बसली. त्या दिवशी परीक्षा होती.

मॅडमनं माह्या डोळ्याले डब्यासारका चष्मा बांधला. आत अख्खा बाजार!

"आजी, इथं तुम्ही पाहिजे ते बना. मोटिवेशन वाढते," मॅडम म्हणे.

माहा नवरा साप चावून मेला, तवा तेरवी झाली अन् मी धानाच्या रोवण्याले चिखलात उतरली. मोटिवेशन कोणी पुसलं नोहतं.

बनाले पाहाव त समद्या पोरीच. दंड उघडे, केस मोकळे. लुगड्यातली एक नाई. आंगभर कपड्याचा एकच भेटला, मिशावाला बाप्या. मी तोच झाली.

मॅडमच्या मोबाईलवर समद्यायले दिसून राहिलं होतं. जाऊ हासत सुटली, "काऊन वो बाई, म्हातारपणी मिशा फुटल्या?"

आतल्या हाटेलवाल्यानं इंग्रजीत नाव पुसलं. आता मिशावाल्यानं बाईचं नाव कसं सांगाव? आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाई. मी तेच सांगून देल्लं. सुनेच्या हातचं सूप पडलं, तांदूळ सपरीभर.

"आत्याबाई! मामाजीचं नाव घेतलं तुम्ही!"

मले काई झालं नाई. उलट बोलतच सुटली. भात कसा, भाजी किती तिखट, समदं इंग्रजीत. मिशा असल्या का घाबराचं कामच नसते. गावातले बाप्ये एवढे कायले बोलतात, ते तवा समजलं.

"आजी पास!" मॅडमनं टाळ्या वाजवल्या.

पण पास झाला माहा नवरा. संस्थेत त्याचंच नाव चढलं, पुरुष म्हणून. पाहुणे त बाईच्या घरी धाडाचे.

"आजी, सिस्टीममध्ये आता बदलता येत नाही," मॅडम म्हणे.

म्हणजे मेलेल्या माणसाले इंग्रजी येते, मले नाई. जाऊ चष्म्यात उघड्या दंडाची पोरगी झाली, निस्तं थँक्यू म्हणली अन् पास. आता पाहुणे तिच्या घरी जाऊन राहिले. सुनेले लेकरू झालं, माही चूल तशीच थंडी.

म्हणून वाचणाऱ्याले सांगतो, नागझिऱ्याले आले त संस्थेले पुसू नका. सरळ माह्या घरी जेवाले या.