शेवंतीने माझं ऐकलं नाही

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता, आमच्या गावच्या सड्यावर, वनखात्याच्या साहेबांसमोर माझ्याच कुत्रीने माझं नाक कापलं... आणि तरीही ही पोस्ट मी मान ताठ ठेवून लिहितेय.

नवीन मंडळींसाठी सांगते. कुडाळहून मालवणला जाताना मध्येच आत वळलं की आमचं गाव. तारकर्लीला उतरलेल्या पाहुण्यांना मी सकाळी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या माळावर, लावे आणि तित्तर बघायला नेते. सोबत माझे बाबा आणि आमची शेवंती.

शेवंती दिसायला अगदी गावठी, एक कान कायम पडलेला. पण गवतात पक्ष्याचा वास आला की जागच्या जागी थिजते... पुढचा एक पाय उचललेला, शेपूट सरळ, नाक पक्ष्याच्या दिशेला. मग आम्ही सगळे गप बसून राहतो. थोड्या वेळाने पक्षी आपणहून उघड्यावर येतो.

ही विद्या बाबांची. तरुणपणी ते आजोबांबरोबर शिकारीला जायचे. शिकारबंदी आली तेव्हा ते विशीत होते. बंदूक गेली ती गेलीच, पण त्या कुत्र्यांचा वंश आमच्या घरात टिकला. खरं सांगू? 'शिकाऱ्याची मुलगी' ही ओळख मला लहानपणापासून नकोशी वाटायची. पाहुण्यांनाही हा भाग मी कधी सांगितला नाही.

आणि नेमकं तेच उकरून काढून कुणीतरी तक्रार केली... शिकाऱ्याच्या घरची माणसं कुत्रं घेऊन सड्यावर फिरतात म्हणून. साहेब म्हणाले, एकदा येऊन बघतो आणि मग ठरवतो. पाखरांना त्रास होतोय असं दिसलं तर कुत्रीला सड्यावर बंदी. पाहुणे कमी झाले असते तर मी कसंतरी निभावलं असतं. पण पंचाहत्तरी गाठलेल्या बाबांवर पुन्हा तो शिक्का बसला असता, ते मला सोसलं नसतं.

तर रविवारी आम्ही निघालो. पुढे शेवंती, मग काठी घेऊन मी, माझ्यामागे साहेब आणि सगळ्यात शेवटी आपल्या चालीने बाबा. अर्ध्या तासात शेवंती थिजली. आम्ही बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं... गवताचं पातंही हलेना.

साहेबांनी हळूच विचारलं, इथे खरंच काही आहे का? विचारण्यात काही वाकडं नव्हतं. पण माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर... मी काठी कातळावर दोनदा आपटली.

ही शिकारीच्या काळातली खूण. आत घुस, पाखरू उडव. आमच्या फेरीत ती वापरायची नाही हा नियम माझाच, आणि तो मी मोडला कोणासमोर, तर पाखरांना त्रास होतो का हे बघायला आलेल्या माणसासमोर. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

शेवंती हलली नाही. मी पुन्हा काठी आपटली. तिचा उचललेला पाय थरथरत होता, पण ती तसूभरही पुढे सरकली नाही. साहेब म्हणाले, "ही तुमचं ऐकत नाही वाटतं." माझी मान खाली गेली.

बाबा सावकाश पुढे आले. डोळे बारीक करून त्यांनी गवताच्या एका झुबक्याकडे बघितलं आणि साहेबांना बोटाने जागा दाखवली. साहेबांनी दुर्बीण लावली, मग माझ्याकडे दिली. वाळक्या गवतात, त्याच रंगाची एक लावी बसली होती... डोळा उघडा, पण हालचाल शून्य. तिच्या पंखाखालून एक पांढरट अंडं दिसत होतं.

"अंड्यार बसली आसा ती," बाबा मला म्हणाले. "शेवंतीक कळला, तुका कळूक नाय."

आम्ही पावलं न वाजवता मागे सरलो. लांब आल्यावर साहेबांनी बाबांना विचारलं, हे तिला कोणी शिकवलं? तेव्हा मलाही पहिल्यांदाच कळलं. शिकारीच्या काळातही आमच्या घरचा दंडक होता, अंड्यावर बसलेलं पाखरू उठवायचं नाही. धन्याने खूण केली तरी नाही. जे कुत्रं उठवेल त्याला पुन्हा रानात नेत नसत.

घरात कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली की बाबा कुत्रीच्या पिल्लांना तिच्या टोपलीसमोर उभं करायचे आणि काठी दोनदा वाजवायचे. पिल्लू पुढे झालं की मागे ओढायचं, पुन्हा उभं करायचं. हे मी लहानपणापासून परसात बघत आलेय... मला वाटायचं, बाबा कुत्र्यांशी खेळतायत.

काठीची चूक माझी, हे मी साहेबांना सरळ सांगून टाकलं. ते हसले. म्हणाले, पिल्लं बाहेर पडेपर्यंत त्या बाजूला कुणाला नेऊ नका, बाकी सड्यावर हिला खुशाल आणा. मग वही काढून विचारलं, मार्गदर्शक म्हणून नाव कोणाचं लिहू? आजवर त्या जागी मी माझंच नाव सांगत आले होते. या वेळी बाबांचं सांगितलं.

उतरताना मी बाबांना विचारलं, बंदूक गेली, शिकार गेली, मग इतकी वर्षं हे शिकवत का राहिलात?

"माका दुसरा काय येता गो?" म्हणाले आणि पुढे चालू लागले.

काल घराबाहेरची पाटी नव्याने रंगवून घेतली. मार्गदर्शक म्हणून आता बाबांचं नाव आहे, खाली शेवंतीचं. चहाचा थर्मास घेऊन मागून चालणारी ती मी... आणि पाहुण्यांना ओळख करून देताना आता सगळ्यात आधी हेच सांगते, की मी शिकाऱ्याची मुलगी.