भिवरीचे थांबे

आमच्या गावाहून विट्याला सरळ गाडीरस्ता होता. दफेदार तात्या त्या रस्त्याने आयुष्यात दोनदाच गेले. एकदा फौजेत भरती व्हायला आणि एकदा डोळे दाखवायला. एरवी बाजार असो, लग्न असो, मयत असो, तात्या घोडी काढत आणि टेकडीकडे तोंड करत. तासाभराच्या जागी अर्धा दिवस लावून पोचत. उशीर का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "रस्त्यानं निस्तं पोचता येतंय."

तात्या माझे थोरले चुलते. रिसाल्यात होते. तिथले घोडे काढून मोटारी आणल्या, तेव्हा त्यांनी पेन्शन घेतली. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं. "मोटारीला मान न्हाई. थापटायची कुठं?" घरी येताना म्हसवडच्या जत्रेतून एक घोडी घेऊन आले. तांबडी, ठेंगणी, पोटाने सुटलेली. नाव भिवरी. माझे वडील म्हणाले, शेतकऱ्याच्या घरात बैल येतो, म्हैस येते, हे काय आणलंत? पण तात्या थोरले. विषय तिथेच संपला.

मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेकडेने मिटत येईल आणि वर्ष-दीड वर्षात पुरती जाईल, उपाय नाही. तात्यांनी एवढंच विचारलं, "घोड्यावर बसाय चालंल न्हवं?" डॉक्टर म्हणाले, बसायला चालेल, पण जाणार कुठे? हे मला वडिलांनी सांगितलं. ते सोबत गेले होते.

गावात आंधळी म्हातारी माणसं चावडीच्या कट्ट्यावर बसत. पावलांवरून कोण आलं ते ओळखत आणि लोक त्यांचं कौतुक करत. तात्यांना त्या कौतुकाची शिसारी होती. मिरजेहून परतले त्या दिवशी त्यांनी घरात सगळ्यांना सांगून टाकलं, "मला कट्ट्यावर ठिवू नगा." आणि दुसऱ्या दिवसापासून वाटा शोधायला लागले. स्वतःसाठी नव्हे, घोडीसाठी. आपली नजर जायच्या आत वाटा भिवरीला पाठ व्हायला हव्यात, असा त्यांचा हिशेब होता.

त्यांची रीत फौजेतली होती. नव्या वाटेवर पहिल्यांदा बसायचं नाही. लगाम हातात धरून स्वतः पुढे चालायचं, सैल दगड पायाने बाजूला सारायचे. दुसऱ्या खेपेला बसायचं. तिसऱ्या खेपेला लगाम सैल सोडून डोळे मिटायचे. आणि जिथून चांगलं दिसतं तिथे दर खेपेला थांबायचं, एक बिडी ओढायची आणि भिवरीला गुळाचा खडा द्यायचा. वडील म्हणाले, "दादा, घोडीला देखावा कळत न्हाई, गूळ कळतोय." तात्या म्हणाले, "गुळानं का हुईना, थांबली म्हंजे झालं. मला तरी त्याबिगर कळायचं कसं?"

चांगली वाट म्हणजे काय, हे मात्र त्यांना कुणाला पटवता आलं नाही. पठारावर कासाबाई नावाच्या धनगरीणबाईंचा वाडा असे, म्हणजे मेंढरांचा. तात्यांनी त्यांना विचारलं, हितली लय चांगली वाट कंची? कासाबाई म्हणाल्या, "चांगली म्हंजे पाण्याला, का चाऱ्याला?" बघायला, असं तात्या म्हणाले. "काय बघायला?" तात्यांना सांगता येईना. शेवटी बाईंनी त्यांना पाण्याची वाट दाखवली. तीच पुढे तात्यांची सगळ्यांत आवडती झाली.

बेचाळीसनंतरचे दिवस होते ते. भूमिगत पोरं डोंगरातून फिरत होती आणि पोलीस त्यांच्या मागावर होते. अशा वेळी फौजेतून आलेला एक माणूस रोज उठून आडवाटेने टेकडी चढतो, हे काही लपून राहिलं नाही. फौजदाराने बोलावून घेतलं. वर कशाला जाता? "बघायला." कुणाला? "कुणाला न्हाई, बघायला." फौजदाराने त्यांच्यामागे एक शिपाई लावला. तो बिचारा बूट घालून दिवसभर घोडीमागे चालला. तात्या जिथे थांबतील तिथे थांबला आणि ते बघतील तिकडे बघत बसला. संध्याकाळी पायाला फोड घेऊन खाली आला आणि त्याने साहेबाला सांगितलं, "म्हातारा निरुपद्रवी हाय, पर त्येच्या डोक्यात हाय कायतरी." पुन्हा कुणी विचारलं नाही.

मी त्याच सुमाराला माहेरी परत आले. माझा नवरा लढाईवर गेला होता. एक तार आली, आणि सासरच्यांनी मला वडिलांच्या हवाली केलं. मी एकोणीस वर्षांची होते. मला काही वाटत नव्हतं. तक्रार म्हणून सांगत नाही, होतं तसं सांगते. भाकऱ्या थापत होते, धुणं धूत होते, विचारलं तर बोलत होते. बाया जवळ बसून रडत, आणि मी रडत नाही म्हणून उठून जात.

तात्यांची नजर पुरती गेली तेव्हा सोबत कुणीतरी हवं म्हणून आधी घरातली पोरं जाऊन आली. तात्या वैतागले. "काय दिसतंय इचारलं की म्हणत्यात, लय भारी दिसतंय. आरं, भारी म्हंजे काय?" मग मी गेले. घोडी पुढे, तिच्यावर तात्या, मागून मी पायी. पठाराच्या कडेला एक पिंपरीचं झाड आहे. तिथे भिवरी आपणहून थांबली. तात्यांच्या तोंडावरचा ताण गेलेला मी पाहिला. दीड वर्षाची मेहनत फळाला आली होती. त्यांनी हातानेच बिडी चाचपून पेटवली आणि विचारलं, "आली न्हवं पिंपरी? काय दिसतंय, इंदे?"

मी म्हणाले, "ओढा. पाणी नाही. पलीकडे तिघीजणी शेण्या वेचतायत. एकीचं लुगडं हिरवं आहे."

"आन्?"

"आणि काही नाही."

"ब्येस," तात्या म्हणाले आणि त्यांनी टाच दिली.

तेव्हापासून मीच जाऊ लागले. दर थांब्यावर हेच. ते विचारत, मी सांगे, ते "आन्?" म्हणत, मी "आणि काही नाही" म्हणे, आणि भिवरी चालू लागे. मी एकदा ढगाला कापसाची उपमा दिली तर म्हणाले, "सजवून सांगू नगंस. हाय तेवढं सांग." मला ते सोपं जात होतं. सजवायला माझ्याजवळ काही नव्हतंच.

त्यांनी माझं सांत्वन कधी केलं नाही. नवऱ्याचं नावही काढलं नाही. एकदाच, खिंडीत ऊन उतरल्यावर, म्हणाले, "मला दिसत न्हाई. तुला दिसतंय, पर लागत न्हाई. दोघांत मिळून एक धड माणूस हुतंय बघ." मी हो म्हणाले. ते खरं होतं.

सांगलीला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला मला पाठवावं, हे त्यांनीच काढलं. वडील तयार नव्हते. विधवा पोर परगावी राहणार, लोक काय म्हणतील? तात्या म्हणाले, "ती हाय ते सांगती. मास्तरनीला आनकी काय लागतंय?" मग तुमच्यासोबत कोण जाणार, असं मी विचारलं. "भिवरी हाय की," ते म्हणाले. मी गेले. निघताना ते घोडीला खरारा करत होते. मान वर न करता म्हणाले, "जा. मोटार चुकंल."

सगळ्यांना धास्ती होती की तात्या एक दिवस कड्यावरून जातील. ते हिवतापाने अंथरुणात गेले. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. सुट्टीत घरी आले तर भिवरी दावणीला, आणि तिचं काय करायचं हा घरात प्रश्न. कासाबाईंनी ती ओझ्याला मागितली होती. वडील गाडीरस्त्याने न्यायला निघाले तर ती फाट्यावर अडून बसली. रस्ता तिला माहीतच नव्हता. शेवटी मी तिला टेकडीच्या वाटेने घेऊन निघाले.

पिंपरीपाशी ती थांबली. मी गूळ घेऊन गेले होते, तो दिला. तिने खाल्ला आणि उभी राहिली. मी लगाम ओढला, मानेवर थाप मारली, दटावलं. हलेना. ऊन चढत होतं. कान मात्र तिने माझ्याकडे वळवले होते. मग माझ्या लक्षात आलं. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून मी मोठ्याने म्हणाले, "ओढ्याला पाणी आहे. पलीकडे जोंधळा हुरड्यात आलाय. बांधावर एक माणूस गोफण घेऊन उभा." थोडं थांबले. "आणि काही नाही."

भिवरी चालू लागली.

असं दर थांब्यावर झालं. खिंडीत, महादेवाच्या देवळापाशी, सगळीकडे. दिसलं ते सांगितलं, वाढवलं नाही. शेवटचा थांबा पाण्याच्या वाटेवर, जिथून कासाबाईंचा वाडा दिसतो. तिथे मी सांगितलं, "मेंढरं बसलीत. कासाबाई चूल पेटवतायत. धूर सरळ वर जातोय. कुत्र्याने आपल्याला पाहिलं."

पुढचे तीन शब्द म्हटले की ती चालणार आणि तिकडचीच होणार. मी ते म्हटले नाहीत. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी तिथे उभ्या होतो. खालून कासाबाईंनी हाक मारली, "आवं, यायचं न्हाई व्हय?"