आबांनी नाकारलेले मासे

क्रांती चौकाजवळच्या बोळातल्या त्या दुकानात आबा मासे विकायला बसत की न विकायला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. गिऱ्हाईक आलं की आधी उलटतपासणी. टाकी केवढी, पाणी नळाचं की बोअरचं, दिवसभर घरी कोण असतं? उत्तरं पटली नाहीत तर आबा पाठ फिरवून जाळी धुवायला लागत.

मला घाई होती. आई गेल्यावर अण्णांना, म्हणजे वडिलांना, मी गावाहून बजाजनगरच्या फ्लॅटवर आणलं होतं. गावात त्यांचं करणारं कोणी उरलं नव्हतं, आणि ते तर रोज सकाळी चप्पल घालून दाराशी बसत. "मला गावाकडं सोड." रंगीत माशांत त्यांचा जीव रमेल असं मला वाटलं. आफ्रिकेतल्या तळ्यांतले सिक्लिड मी पसंत केले: एक निळा, एक लाल, एक पिवळा, एक पट्ट्यांचा.

"साहेब, साडीचं दुकान नाय हे," आबा म्हणाले. "बोअरचं जड पाणी यांना मानवतं, ते ठीक. पण हा निळा दगडातला, लई भांडखोर. लाल बिचारा गरीब. त्याला त्याच्याच जातीच्या तीन-चार माद्या द्या, अन् निळ्याला इथंच राहू द्या."

माद्या पाहिल्या तर मातकट. घरात शोभेसाठी कोण मातकट मासे आणतं? मी तणतणत बाहेर पडलो आणि दुसऱ्या दुकानातून चारही रंग घेऊन आलो.

आठ दिवसांत लालच्या शेपटी-परांची लक्तरं झाली. तो कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेला. अण्णा म्हणाले, "ह्याला त्याच्या गावाकडं सोडून ये. अन् मला बी."

नाक मुठीत धरून आबांकडे गेलो. "मी बोललो नव्हतो?" हे त्यांनी तीनदा ऐकवलं, मग भरदुपारी शटर ओढून माझ्या स्कूटरवर मागे बसले.

घरी आल्यावर टाकी राहिली बाजूला. "पाव्हणं, कोणतं गाव?" आबांनी अण्णांना विचारलं. आबा मेंढपाळाच्या घरातले. खतासाठी शेतकरी रानात मेंढरं बसवून घेत आणि बदल्यात धान्य देत. त्यांचे वडील कळप घेऊन आमच्याच भागात फिरत. "आमच्या रानात बसायची की मेंढरं!" अण्णा ओरडले. पुढचा तासभर मी अर्धी रजा टाकून चहा करत होतो.

शेवटी आबा टाकीकडे वळले, ते मला वगळूनच. "अण्णा, तुम्ही बघताय. कोण त्रास देतंय?"

"निळा तर हायेच. पण पट्ट्याचा बी खोडकर."

"माजलेला मेंढा वेगळा बांधायचा. हे बी तसंच." दोन्ही देखणे मासे पिशवीत गेले, आणि आबांनी येताना आणलेल्या चार मातकट माद्या टाकीत आल्या. वर आबांनी सगळे दगड उपसून नव्यानं रचले. फरशीभर पाणी. "नवा आणला की जुन्यांची बी जागा मोडायची, साहेब. नायतर नवा कायम कोपऱ्यात." हे मलाच सुनावताहेत अशी शंका आली, आणि आली म्हणून जास्तच राग आला.

त्यानंतर दर रविवारी आबा हजर. मी टाकलेलं खाद्य पाहून म्हणत, "मासे हायत, जावई नाय." अण्णा खो खो हसत. माझ्या घरात, माझ्या टाकीवर, मीच तेवढा अडाणी.

मागच्या उन्हाळ्यात आबा गेले. सकाळी चालता चालता बसले, ते उठलेच नाहीत. मी अण्णांना जपून सांगितलं. मीच म्हणालो, "अण्णा, थोडे दिवस गावाकडं राहायचं का? नेऊन सोडतो."

"अन् यांचं पाणी कोण बदलणार? तू?" ते खेकसले आणि बाह्या सारून नळी शोधू लागले.

मी बादली भरायला मोरीत गेलो. नळ मोठा सोडला आणि आबांसाठी पोटभर रडून घेतलं.