पुऱ्या थंड होत होत्या म्हणून

आखातातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रम समितीने दिगंबरला फसवलं. सिनेमा पूर्ण दाखवायचा शब्द दिला आणि शेवट यायच्या आतच बंद केला.

दिगंबर हृदयविकाराने गेल्याचा फोन आला तेव्हा मी मवालेहच्या बाजारात कांद्याच्या भावावरून एकाशी भांडत होतो. त्याने सांगितला तो भाव देऊन निघालो...

वादी अदाईला आम्ही कित्येक वर्षं एका खोलीत काढली. मी भाजीची दलाली करायचो, दिगंबर हॉटेलात एसी दुरुस्त करायचा. तिथल्याच टीव्हीवर त्याने एक जुना, काळा-पांढरा अमेरिकन सिनेमा पाहिला आणि त्याच्या प्रेमातच पडला. एक बाई आणि एक पुरुष सिनेमाभर भांडतात, एवढीच गोष्ट. "अरे, हे तर माझं नि सुनंदाचं फोनवरचं बोलणं," म्हणायचा. सुनंदावहिनी गुहागरला, हा इथे. सगळा संसार फोनवर. अखेर वहिनी व्हिजिट व्हिसावर आल्या, तेव्हा त्यांना तो सिनेमा मोठ्या पडद्यावरच दाखवायचा, असा त्याने हट्ट धरला. मंडळाशी घासाघीस मी केली. समितीतले सगळे म्हणाले, "वा, क्लासिक!" मीही भुललो.

रुवीच्या हॉलमध्ये दिगंबर वहिनींच्या कानाशी एकेक वाक्य मराठीत सांगत होता. त्याच्या तोंडून ती गोरी बाई थेट गुहागरच्या बाजारातली वाटायची. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. आणि दिवे लागले. अध्यक्ष म्हणाले, "पुऱ्या थंड होताहेत. शेवट काय, सगळ्यांना माहीतच आहे. एकत्र येतात."

"तुमच्यापैकी पाहिलाय कोणी?" मी आवाज चढवला. समितीतले पुऱ्यांच्या रांगेकडे वळले. सिनेमा नावाजलेला आहे, एवढंच प्रत्येकाला ठाऊक.

दिगंबरने माझा हात दाबला. "जाऊ दे रे. पुढच्या खेपेला दाखवीन तिला." दुसऱ्या दिवशी वहिनींचं विमान होतं. पुढची खेप आलीच नाही.

परवा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ती बाई शेवटी त्याला काय म्हणाली हो? ह्यांना विचारलं की म्हणायचे, आत्ताच सांगितलं तर मजा जाईल."

बघून सांगतो म्हणालो, फोन ठेवला आणि मोबाइलवर शोधून शेवट पाहिला. शब्द कळले. पण दिगंबरने ते वहिनींना कसे सांगितले असते, ते काही केल्या जमेना. उभा जन्म बोलण्यावर पोट भरलं, आणि वहिनींना उलट फोन लावून नुसता बसून राहिलो...

अध्यक्षसाहेब, शेवट तुम्हाला माहीत होता ना? वहिनींचा नंबर देतो. तुम्ही सांगा त्यांना, ती काय म्हणाली.