बटणातली काडी

पत्रा कापायच्या प्रेसच्या बटणात काडी मीच अडकवली होती. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच ती प्रेस खाली यायची, म्हणजे बोटं सुरक्षित राहायची. एक बटण काडीने दाबून ठेवलं की काम झपाट्याने व्हायचं.

काल मुलगा पॉलिटेक्निकमधून आला आणि त्याच्या एप्रनच्या तेलकट वासाने मला पंचवीस वर्षांपूर्वीच्या, वाळूजच्या कारखान्यातल्या त्या शेडमध्ये नेलं. डिप्लोमाच्या ट्रेनिंगला होतो आम्ही. फुलंब्रीचा दत्ता माझ्या जागी येत म्हणाला, "सरक राव! सगळा माल तूच काढतूस व्हय? जा, चहा पी."

काडी तशीच होती. पण सुपरवायझर शेजारीच उभा होता. तेव्हा त्याचा ओरडा मला फार मोठा वाटला. चहा पिताना पाठीमागं प्रेसचे ठोके ऐकू येत होते. प्रत्येक ठोक्याला वाटायचं, आता सांगावं.

मग ठोके थांबले आणि दत्ता किंचाळला. त्याची डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. सगळे त्याच्याकडे धावले. मी आधी काडी काढली.

"पोराचंच लक्ष नव्हतं," सुपरवायझर म्हणाला. दत्तानेही तेच खरं मानलं.

आज फुलंब्रीला गेलो. दत्ताचा डावा हात खिशात होता. त्याच्या बायकोसमोरच मी म्हणालो, "तुझं लक्ष होतं, दत्ता. काडी मी घातली होती. मला माफ कर."