बाबांचं ‘आय कम’

माझे बाबा पबमध्ये जातात, ही बातमी अकोल्याला पोचली आणि आत्याचा फोन आला. “काहून वं, दादा तिथं जाऊन प्याले लागला म्हने?”

“हो, पितात. चहा,” मी म्हटलं. तिचा काही विश्वास बसला नाही. आधी माझाही बसला नव्हता. जन्मभर एसटी डेपोत टाइमकीपर राहिलेला, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला माणूस सत्तरीत पबची पायरी चढला!

दोष माझाच. आम्ही आयर्लंडमध्ये, कासलबार शहरापासून वीस मिनिटांवरच्या एका खेड्यात राहत होतो. नवरा कासलबारच्या हॉस्पिटलात नोकरीला, मी घरूनच सॉफ्टवेअरचं काम करायची. आई गेल्यावर त्या उन्हाळ्यात मी बाबांना हट्टानं घेऊन आले. व्हिसा तीनच महिन्यांचा, आणि मी शहाणी दिवसभर कानाला हेडफोन लावून मीटिंगा करत बसले. बाबा खिडकीतून गायी बघत राहायचे. एकदा फिरायला गेले असताना पाऊस आला म्हणून रस्त्यावरच्या एकुलत्या एका उघड्या दारात शिरले. दुकान आणि पोस्ट केव्हाच बंद झालेलं; उघडं दार तेवढं पबचं. मालक आणि त्याची बायको असे दोघं मिळून तो चालवायचे. चारच्या सुमाराला तिथं चार म्हातारे शेतकरी पत्ते कुटायचे. त्यांना पाचवा मिळाला.

बाबांचं इंग्रजी म्हणजे ‘यस’, ‘नो’ आणि बसच्या वेळा. पण पत्त्यांना कुठली आलीय भाषा! त्यांच्या त्या खेळात हुकमाची पंजी एक्क्याला मारते, हे कळल्यावर बाबा महिनाभर धुमसत होते. “एक्का थो एक्का! पंजीची काय मजाल!” घरी येऊन माझ्याशीच भांडायचे, जसे काही नियम मी केलेत. आई गेल्यापासून त्यांना कशाचा रागसुद्धा आलेला मी पाहिला नव्हता. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पहिल्या दिवशी तिथून निघताना ते “आय कम” म्हणाले. आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो; त्याचं त्यांनी सरळ इंग्रजी केलं. झालं! बिचारे म्हातारे पत्ते न वाटता पाऊण तास वाट बघत बसले, मालकिणीनं चहा पुन्हा गरम केला. शेवटी मालक आमच्या घरी आला, “तुझे वडील बरे आहेत ना?” विचारायला. मी सगळा उलगडा केला तेव्हा हसून हसून त्याची पुरेवाट झाली. मग काय, सगळा पबच निघताना “आय कम” म्हणायला लागला.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा आले आणि तिसऱ्याच आठवड्यात मालक गेला. झोपेतच गेला. इकडे मयत घरी ठेवतात. सगळं गाव रांगेनं येतं, घरच्यांचा हात हातात घेतं, ‘फार वाईट झालं’ अशा अर्थाचं एकच ठरलेलं वाक्य म्हणतं, आणि मग चहा-सँडविच. बाबा तासभर कोपऱ्यात बसले, हात जोडले आणि निघाले. त्यांच्या मागोमाग मीही निघाले.

त्या दिवसापासून पबला कुलूप लागलं. पाठोपाठ ‘विकणे आहे’ची पाटी. तिकडे डब्लिनजवळच्या डून लेरीच्या कुणा माणसाला तिथं सुट्टीचं घर करायचं होतं म्हणे. बाबा पुन्हा खिडकीत. जेवण निम्म्यावर आलं. एक दिवस ताट सरकवून म्हणाले, “पुढच्या साली मी नाही येत, बाई. इथं काय हाये? गाई हायेत अन पानी हाये.”

माझ्या मनात आलं, अकोल्याला तरी कोण होतं त्यांना? दोन खोल्या आणि टीव्ही.

इकडे गावानं सभा घेतली. ठरलं असं की गावकऱ्यांनी थोडे थोडे भाग घ्यायचे आणि पब सगळ्यांनी मिळून विकत घ्यायचा. माणशी एक मत. मोठा मालक कुणीच नाही. कॉम्प्युटर येतो म्हणून चिटणीस मला केलं. मला! बाबांना आणायला गेलं की जी लाजून गाडीतच बसायची, तिला! पण मी पदर खोचला. फॉर्म छापले, चिखल तुडवत दारोदार हिंडले. बाबांच्या नावाचाही एक फॉर्म भरला. गाव तयार झालं, पण मालकीणबाई कुणाला दारात उभं करेना. शेवटी सगळे म्हणाले, आता चिटणीसबाईंनीच जावं.

मला तिनं आत घेतलं, चहा दिला. फॉर्मच्या गठ्ठ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“सही करायला काय लागतं?” ती म्हणाली. “कागदावर सगळे मालक होतील, आणि येऊन बसायला कुणी नाही. तुझ्या वडिलांचंच बघ. रोज ‘आय कम’ म्हणणारा माणूस. त्या दिवशी मी दारातच उभी होते. तोंडातून अक्षर काढलं नाही त्यांनी, तसेच निघून गेले. तेव्हाच मी समजले, आता इथं कुणी यायचं नाही.”

मी तणतणत घरी आले. “बाबा, दोन शब्द बोलायला काय झालं होतं तुम्हाला? तुमच्यामुळे ती बाई अडून बसलीय!”

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. “अवं, मयताच्या घरून निघतानी ‘येतो’ म्हनते का कोनी? पुन्हा याच कामाले येतो, असं सांगू का तिले? तुही माय गेली तवा म्हटलं होतं का कोनी?”

नव्हतं म्हटलं. मला एकदम आमचं अकोल्याचं दार आठवलं. मावश्या, शेजारणी, सगळ्या मुकाट उठून चपला घालून गेल्या होत्या, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. इथं आल्यापासून चार वर्षांत इथल्या लोकांसारखं ऊठसूट ‘ग्रँड’ म्हणायला शिकले, आणि आपल्या घरचं एवढंसं कळेना! माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. बाबांनी सांगितलं, मी इंग्रजी केलं. ऐकता ऐकता ती खुर्चीत बसली.

“सगळ्या गावानं तेच वाक्य म्हटलं,” ती म्हणाली, “आणि मी रागावून बसले ती, ज्यानं माझ्यासाठी शब्द गिळला त्याच्यावर.” मग ती रडली. मीही रडले. बाबा उगीच चहा ढवळत राहिले.

डोळे पुसून तिनं थेट बाबांनाच विचारलं, “उघडला पब, तर तुम्ही याल?”

मी तिचा प्रश्न मराठीत सांगितला आणि घाईघाईनं म्हटलं, “बाबा, तोंडदेखलं काही बोलू नका हं. पुढच्या वर्षी येत नाही म्हणालात ना?”

“तू गप राय,” बाबा म्हणाले. मग तिच्याकडे वळून, सावकाश, “आय कम.”

गुरुवारच्या सभेला ती आपण होऊन आली. डून लेरीच्या माणसाला नाही म्हणून कळवलंय, पब गावाला देते, एवढंच बोलली आणि खाली बसली. मग जो काही गलका झाला, विचारू नका! पत्त्यातल्या एका म्हाताऱ्यानं तर शिट्टी मारली. गलका ओसरल्यावर अध्यक्षांनी सांगितलं की कागदपत्रं, रंगरंगोटी यात हिवाळा जाईल. सभासदांची पहिली सभा मार्चमध्ये.

“काय म्हने थो?” बाबांनी मला कोपरानं ढोसलं. मी सांगितलं.

“मंग मार्चचं तिकीट काढ.”

“बाबा, मार्चमध्ये हाडं गोठतात इथं. जूनमध्येच या ना, नेहमीसारखे.”

“सभा मार्चात हाये ना? मेंबर हावो मी. मत द्याले मानूस नको?”

आई गेल्यापासून बाबांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी हातात उरलेला एक कोरा फॉर्म उलटा केला आणि बाबांना स्वेटर कोणकोणते लागतील, ते तिथंच लिहायला बसले.